जमीनजुमला, वाचकांचे प्रश्न : तुकडेबंदी उठली म्हणजे नेमकं काय उठलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे, की सर तुकडेबंदी गेली, एनए (बिनशेती परवानगी) गेलं, आता शेतजमिनीवर काहीही करता येतं ना. नाही येत. शेतजमिनीभोवती आपल्याकडे तीन वेगवेगळी कुंपणं आहेत, एक म्हणजे जमीन किती लहान तोडता येते (तुकडेबंदी), दुसरं ती कोणाला विकता येते (कुळकायदा, वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, वगैरे) आणि तिसरं तिच्यावर काय करता येतं (झोन आणि बिनशेती). सरकारनं यातलं एक सैल केलं की एजंट लोक तिन्ही पडली असं सांगत सुटतात आणि व्हॉट्सॲपवर तेच फिरतं. खालची उत्तरं वाचताना आपला प्रश्न यातल्या कुठल्या कुंपणाचा आहे तेवढं आधी ठरवा, अर्धा गोंधळ तिथंच मिटेल.

प्रश्न : नमस्कार सर, २०११ मध्ये सोलापूरला हद्दीलगत दीड गुंठा जागा घेतली, स्टँपपेपरवर नोटरी करून. शेतकरी म्हणाला रजिस्ट्री होत नाही पण ताबा तुमचाच. दोन खोल्या बांधल्या, मीटर माझ्या नावावर, घरपट्टी मीच भरतो. आता हा भाग महापालिकेत आहे. शेतकरी वारला, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव, मुलं म्हणतात आमचा काय संबंध नाही. आता कायदा बदललाय तर माझं नाव आपोआप लागेल ना?

आपोआप काहीच लागत नाही दादा, पण दार उघडलंय हे खरं.

आधी काय बदललंय ते सांगतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ठरवलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकला तर तो व्यवहार बेकायदा, हे त्याचं सार. तरी लोकांनी गुंठा-दोन गुंठे घेतलेच. मग २०१७ ला दुरुस्ती आली की जो भाग रहिवासी किंवा इतर बिगरशेती वापराचा झालाय तिथले जुने व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करा, तर एवढे पैसे कोण भरतंय, फारसं कोणी फिरकलंच नाही, पुढं ते ५ टक्क्यांवर आणलं, आणि आता नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं शुल्कच काढून टाकलं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार त्यात येतात, अट ही की जागा महापालिका, नगरपालिका, प्राधिकरण अशा हद्दीत किंवा आराखड्यात बिगरशेती वापराला दाखवलेल्या भागात किंवा गावठाणाला लागून असावी. तुमचं २०११ चं आहे आणि महापालिकेत आहे, म्हणजे इथवर तुम्ही बसता.

आता अडचण. ज्यांची रजिस्ट्री झालेली होती त्यांचं काम सोपं आहे. त्यांच्या सातबाऱ्यावर एक तर फेरफार (नावबदलाची नोंद) नामंजूर झालेला असतो किंवा नाव उजवीकडच्या 'इतर हक्क' या रकान्यात असतं आणि खाली 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार' असा शेरा बसलेला असतो. तो शेरा आता निघेल आणि नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, येईल. तुमच्याकडे मात्र नोटरीचा कागद आहे, आणि नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय मालकीनं मिळत नाही, हा नियम तुकडेबंदीचा नाहीच, तो मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचा आहे आणि तो कुठंही गेलेला नाही. नोंदणी न झालेल्या जुन्या व्यवहारांनाही मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवायची वाट ठेवली आहे, पण २०११ चाच कागद आज नेऊन नोंदवता येणार नाही कारण सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायला हजर करावा लागतो. म्हणजे नवा दस्त, आणि त्यावर सह्या मयताच्या सगळ्या वारसांच्या. सगळ्या म्हणजे लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा, इथंच बहुतेक लोक फसतात, दोन मुलांच्या सह्या घेऊन मोकळे होतात आणि चार वर्षांनी बहीण दावा लावते.

तेव्हा क्रम असा धरा, आधी त्यांचा वारस फेरफार झालाय का बघा, नसेल तर करायला लावा (खर्च तुम्हीच उचला, हो, वाईट वाटतं पण काम होतं), मग सगळ्यांकडून खरेदीखत. जुना नोटरी कागद, २०११ पासूनची लाईटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, पैसे बँकेतून दिले असतील तर पासबुकाचं पान, हे सगळं एका फायलीत लावा, व्यवहार त्या काळातला आहे हे त्यातनंच दिसणार. वारस सरळ नाहीच म्हणाले तर दिवाणी कोर्ट, आणि तिथं मुदतीचा कायदा आहे, नकार मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे आज देतो उद्या देतो करत ते लांबवत असतील तर लांबवू देऊ नका. वकिलाकडून रीतसर नोटीस पाठवायच्या आधी मात्र कागद पूर्ण दाखवा त्याला, नोटिशीतलं एक चुकीचं वाक्य मुदतीला मारक ठरतं.

आणि हे सगळं झालं तरी नाव लागेल ते जमिनीला. दोन खोल्या कायदेशीर झाल्या असं नाही. त्याला गुंठेवारीचा वेगळा कायदा आहे २००१ चा, त्यात २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट आणि बांधकामं घेतली आहेत. महापालिकेत गुंठेवारी विभागात प्रस्ताव टाका, प्रशमन शुल्क (नियमबाह्य काम नियमित करायचं) आणि विकास शुल्क भरावं लागेल. बँकेचं कर्ज हवं असेल तर या दुसऱ्या कागदाशिवाय कोणी उभं करत नाही.

प्रश्न : आम्ही तिघं भाऊ, वडिलोपार्जित एक एकर जिरायत, जिल्हा बीड. वडील गेले. प्रत्येकी तेरा-तेरा गुंठे येतात पण वेगळा सातबारा होत नाही म्हणतात. तुकडेबंदी रद्द झाली ना मग का नाही?

कारण तुमची शेती शेतीच आहे. वर सांगितलेली सवलत बिगरशेती भागाला आहे, निव्वळ शेतीच्या पट्ट्यात तुकडेबंदी जशीच्या तशी आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्याखाली तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं (अकोला आणि रायगड सोडून), तुमचे तेरा गुंठे जिरायत म्हणून तुकड्यात जातात.

वारस म्हणून तिघांची नावं लागायला कसलीच आडकाठी नाही, ती सामाईक लागतील, अडतं ते फक्त वाटप करून तीन वेगळे सातबारे करायला. कायदा असं म्हणतो की वाटप असं करा की तुकडा पडणार नाही, आणि कोणाला जमीन देता येत नसेल तर त्याला पैशात मोबदला द्या. म्हणजे दोघांना वीस-वीस आणि तिसऱ्याला पैसे, हे कायद्यात बसतं, घरात बसतं का ते तुम्ही बघा.

पण तुमच्या पत्रात खाली एक ओळ आहे की बांधावर विहीर आहे आणि दोन वर्षांपासून मोसंबी लावलीय. अहो मग ती जिरायत कशी? सातबाऱ्याच्या खालच्या भागात, नमुना बारामध्ये, पीकपाहणीत काय लागलंय ते बघा. विहिरीची नोंद नसेल तर ती करून घ्या, ई-पीक पाहणी ॲपवरनं पीक आणि सिंचनाचं साधन दोन्ही टाका. जमीन बागायत म्हणून धरली गेली तर दहाच्या वर प्रत्येक हिस्सा बसतो आणि भांडण तिथंच संपतं. आमच्या लोकांचे कित्येक वाद असे आहेत की उत्तर स्वतःच्याच उताऱ्यात असतं, फक्त उतारा पीकविम्याच्या वेळी सोडून कोणी उघडत नाही.

प्रश्न : शेतात जायला रस्ता नाही, शेजारी दोन गुंठे द्यायला तयार आहे. रजिस्ट्री होईल का?

होते. मार्च २०२४ पासून विहीर आणि शेतरस्त्यासाठी, शिवाय सरकारी घरकुलासाठी, प्रमाणभूतपेक्षा कमी जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं घेता येते. विहिरीला पाच गुंठ्यांपर्यंत, घरकुलाला लाभार्थ्यामागे एक हजार चौरस फुटांपर्यंत. अर्जाला रस्त्याचा कच्चा नकाशा, जोडणाऱ्या जमिनींचे गटनंबर जोडावे लागतात. खरेदीखतात आणि सातबाऱ्यावर ती जागा कशासाठी आहे ते लिहिलं जातं, त्यामुळे रस्ता म्हणून घेऊन टपरी टाकायचा विचार असेल तर सोडा.

प्रश्न : पुण्याजवळ मुळशी भागात शेतजमीन बघतोय, पाच जण मिळून. एजंट म्हणतो आज ग्रीन झोन आहे पण प्रारूप आराखड्यात आर (रहिवासी) झोन झालाय, फायनल झाला की भाव तिप्पट. त्यानं रंगीत नकाशाची पीडीएफ पण पाठवली. घ्यावी का?

ती पीडीएफ मी बघितली नाही पण कुठली असेल याचा अंदाज येतो. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रारूप विकास आराखडा २०२१ साली जाहीर झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, मधली वर्षं तो पिवळा-हिरवा नकाशा (पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती) दाखवून भरपूर जमिनी विकल्या गेल्या आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द करायचा निर्णय घेतला. आता ज्यानं पिवळ्या रंगाचा भाव देऊन घेतली त्याची जमीन काय रंगाची आहे?

प्रारूप म्हणजे प्रस्ताव. त्यावर हरकती येतात, सुनावणी होते, नियोजन समिती बदल सुचवते, सरकार आणखी बदल करतं, आणि मंजूर होऊन राजपत्रात येईपर्यंत खरेदीदारानं त्यावर एक रुपयासुद्धा जास्त देऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे. मंजूर प्रादेशिक योजनेत आज तो गटनंबर कशात आहे त्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना कार्यालयातून किंवा प्राधिकरणाकडून स्वतः काढा, एजंटाकडून नको. दाखल्यात नुसतं 'शेती विभाग' किंवा 'रहिवास' एवढंच बघून थांबू नका, गटातनं रस्ता जातोय का, टेकडी किंवा पूररेषा लागलीय का, आरक्षण आहे का तेही त्यातच कळतं.

बरं, तुम्ही पाच जण म्हणता, त्यातले सातबारा असलेले शेतकरी किती? शेती विभागातली जमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी लागतो, कुळकायद्याचं कलम ६३. तुमच्यापैकी एकाच्याच नावावर शेती असेल आणि बाकी चौघं 'नंतर बघू' म्हणून पैसे घालणार असतील तर कागदावर मालक एकच राहणार आणि बाकीच्यांकडे दोस्तीखेरीज काही नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना कुळ म्हणून मिळालेली जमीन आहे, रत्नागिरी जिल्हा. सातबाऱ्यावर वर्ग २ आणि कलम ४३ चा शेरा आहे. मला ती विकून मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत. ओळखीचे एक जण म्हणतात शेरा काढायला जमिनीच्या किमतीच्या निम्मे भरावे लागतील, ते वरच्यावर करून लाखात बसवून देतो म्हणतात.

ताई, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारा कूळ मालक मानला गेला, पुढं कलम ३२ ग खाली किंमत ठरून ती भरल्यावर कलम ३२ म चं खरेदी प्रमाणपत्र मिळालं. ही जमीन त्यानं कसायला मिळालीय, विकायला नव्हे, म्हणून कलम ४३ चं बंधन आलं, परवानगीशिवाय विक्री नाही. २०१४ मध्ये यात दुरुस्ती झाली की ३२ म प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर परवानगी लागत नाही, फक्त जमीन आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरायची.

हा 'आकार' म्हणजे बाजारभाव नाही, तो सातबाऱ्यावर क्षेत्राखाली रुपये-पैशात लिहिलेला शेतसारा. समजा तुमच्या उताऱ्यावर आकार ३ रुपये २० पैसे आहे, तर चाळीस पट म्हणजे १२८ रुपये. एकशे अठ्ठावीस! यासाठी कोणी लाख मागत असेल तर उरलेले पैसे कुठं जातात ते तुम्हीच ओळखा. तहसीलदारांकडे साधा अर्ज, सोबत ३२ म ची नक्कल, सातबारा, जुने फेरफार. चलन भरायचं, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना) फेरफार घेतील आणि शेरा कमी होईल. ३२ म सापडत नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाका, आणि ज्या फेरफारानं सासऱ्यांचं नाव लागलं त्याचा नंबर द्या म्हणजे शोधायला बरं पडतं.

पण दोन गोष्टी. शेरा गेला तरी घेणारा शेतकरीच लागेल. आणि ही चाळीस पटीची सोय फक्त कुळकायद्यातल्या या जमिनींना आहे. वर्ग २ मध्ये इनाम, वतन, सरकारनं भूमिहीनांना किंवा माजी सैनिकांना दिलेल्या जमिनी असं सगळंच येतं, त्यांना नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आणि नियम वेगळे आणि तिथं खरोखरच बाजारभावाच्या टक्क्यांत पैसे लागतात. तुमचे ओळखीचे बहुधा तेच नियम तुम्हाला लावतायत, मुद्दाम की अज्ञानानं ते देव जाणे. इतर हक्कात नक्की काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा.

प्रश्न : गावठाणाला लागून आमचं शेत आहे (नाशिक जिल्हा), तिथं घर बांधायचंय. तलाठी म्हणतात एनए करा, मित्र म्हणतो एनए बंद झालं. खरं कोण?

दोघंही थोडे थोडे. पूर्वी महसूल संहितेच्या कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे बिनशेतीचा अर्ज, मग पंधरा खात्यांचे ना हरकत दाखले, मग सनद (परवानगीचा दाखला), यात वर्ष-दोन वर्षं सहज जायची. २०१४ पासून ही गाठ एकेक करून सोडवत आणलीय. ४२ अ आलं, विकास आराखड्यातल्या वर्ग १ जमिनीला वेगळी परवानगी नको. पुढं ४२ ब, क, ड आलं, त्यातलं 'ड' तुमचं : गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासी वापराला बिनशेती झाली असं मानायचं, मात्र रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर. आता तर सरकार सनदेची गरजच संपवायच्या दिशेनं गेलंय.

म्हणजे 'अर्ज करून परवानगी मिळवणं' गेलं, 'पैसे भरणं' गेलं नाही आणि 'बांधकाम परवानगी' तर अजिबात गेली नाही. लोक या तिन्हीला मिळून एनए म्हणतात त्यामुळे तुमचा मित्र फसला. तुम्ही तहसीलला ४२ ड खाली अर्ज द्या, गावठाणापासूनचं अंतर दाखवणारा मोजणी नकाशा जोडा, चलन भरा, मग नकाशा मंजुरीला टाका. न विचारता बांधलं तर कलम ४५ चा दंड अकृषिक आकारणीच्या चाळीस पटीपर्यंत जातो आणि बांधकाम काढायला सांगू शकतात ते वेगळं.

प्रश्न : आम्ही दोघंही ठाण्यात नोकरी करतो, शेतकरी नाही. कर्जतला दहा गुंठ्यांचा 'फार्महाऊस प्लॉट' मिळतोय, सातबारा नावावर करून देतो म्हणतात.

शेतकरी नसताना शेतजमिनीचा सातबारा नावावर कसा होणार ते त्यांना लेखी द्यायला सांगा, गप्प बसतील. शेतघरासाठी एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर तरी जमीन लागते, दहा गुंठ्यांत फार्महाऊस हा शब्द फक्त होर्डिंगवर असतो. असल्या स्कीममध्ये बऱ्याचदा कंपनीच्या नावावर जमीन आणि तुम्हाला करारनामा असतो. खरंच बिनशेती मंजूर प्लॉट असेल तर मंजूर रेखांकन (लेआऊट) दाखवतील, नसेल तर विकेंडला रिसॉर्ट बुक करा, स्वस्त पडतं.

प्रश्न : पेडणे, गोवा. आजोबांना कुळ म्हणून मिळालेली भातशेती आहे, एक-चौदावर (गोव्याचा सातबारा) आमची नावं आहेत. बाहेरची पार्टी मोठी रक्कम देतेय, झोन आम्ही बदलून आणतो म्हणते. तुमचे महाराष्ट्राचे नियम आम्हाला लागू होतात का?

नाही, तुमचं सगळं वेगळं आणि या बाबतीत जास्त कडक. महाराष्ट्रात चाळीस पट भरून कुळाची जमीन मोकळी होते, तुमच्याकडे १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्यानं कुळाला मालकीनं मिळालेली शेती शेतीखेरीज दुसऱ्या कशालाच वापरता येत नाही. त्यात २०२३ चा कायदा आला, भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायलाच बंदी. तेव्हा झोन बदलला तरी पार्टीच्या हातात काय पडणार हा प्रश्न तुमच्याआधी त्यांनी स्वतःला विचारायला हवा होता, विचारलाही असेल, म्हणूनच बहुतेक तुमच्याकडून मुखत्यारपत्र मागतील. ते देऊ नका.

झोनबद्दल, नगरनियोजन कायद्यात २०२३ ला कलम १७(२) घातलं, प्रादेशिक आराखड्यातल्या 'नजरचुकीच्या चुका' दुरुस्त करायच्या म्हणून, आणि त्या नावाखाली शेती आणि बागायतीचे सर्व्हे नंबर एकेक करून वसाहतीच्या झोनमध्ये जायला लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. त्यानंतर कलम ३९ अ वरून (तेही झोन बदलायचंच) वाद चालूच आहे. इतक्या हलत्या जमिनीवर (शब्दशः) कोणी आज आगाऊ रक्कम देतंय म्हणून सही करणं म्हणजे पुढची दहा वर्षं पणजीच्या फेऱ्या.

प्रश्न : तुमचं सदर नेहमी वाचतो पण राग येतो. शेतजमीन राखायला कायदे केले आणि तुम्ही लोकांना त्यातनं वाट कशी काढायची ते शिकवता. पुढच्या पिढीनं खायचं काय? (सातारा)

राग समजतो. पण मला सांगा, तुकडेबंदीनं गेल्या साठ वर्षांत शहराच्या कडेची किती शेती राखली? जमीन विकली जायची ती गेलीच, फक्त रजिस्ट्रीशिवाय गेली. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढलं की मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन-तीन गुंठ्यांचे दस्त नोंदवूच नका, ते मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं रद्द केलं, आणि त्या मधल्या दहा महिन्यांत गुंठ्यांचे सौदे थांबले का, तर नाही, नोटरीवाल्यांची चांदी झाली. दहा एकर असलेला विकासक आराखड्यात फेरबदल करून रीतसर रहिवासी झोन आणतो, रस्ते पाडतो, दर लावतो. तो दर न परवडणारा हमाल, रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई दीड गुंठा नोटरीवर घेते. कायदा मोडला असा शिक्का बसला तो तिच्या उताऱ्यावर. विकून पैसे घेतले त्याच्यावर काहीच नाही. म्हणून जुन्या लोकांना मोकळं केलं ते मला चूक वाटत नाही.

मला चूक वाटते ती दुसरीच गोष्ट. तारीख. गुंठेवारीची तारीख आधी १ जानेवारी २००१ होती, ती ३१ डिसेंबर २०२० झाली. तुकडेबंदीत २०१७ होतं, ते १५ ऑक्टोबर २०२४ झालं. दरवेळी शेवटची संधी म्हणतात. आज जो एजंट शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकतोय तो गिऱ्हाईकाला हेच सांगतो की घ्या बिनधास्त, पाच वर्षांनी परत तारीख वाढणारच, आणि आजवरचा अनुभव बघता त्याला खोटं कसं म्हणायचं? शेतजमिनीला खरा धोका हा आहे. जुनं माफ करताना नवीन रेघा मारणाऱ्यावर त्याच आठवड्यात कारवाई झाली असती, चार ठिकाणी जरी चुना पुसला गेला असता, तर तुमचा राग मी डोक्यावर घेतला असता. ज्यांनी १५ ऑक्टोबर २०२४ नंतर गुंठा घेतलाय त्यांना मी एवढंच सांगतो की तुम्ही आज कुठल्याच सवलतीत नाही आणि पुढं याल असं धरून बांधकाम करू नका.

प्रश्न : आमच्या गटात बरेच प्लॉटधारक आहेत. शेजाऱ्यानं नियमितीकरणाचा अर्ज केला आणि त्याच्या चतुःसीमेत माझा एक गुंठा धरलाय. मला तलाठ्याची नोटीस आलीय. काय करू?

ती नमुना ९ ची, म्हणजे फेरफार मंजूर व्हायच्या आधी संबंधितांना जाणारी, नोटीस असेल. पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, तोंडी सांगून येऊ नका, आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी दोघांना बोलावून ऐकतात. त्या दिवशी तुमचा दस्त, त्यातल्या चतुःसीमा, घरपट्टीचा उतारा आणि जमल्यास मोजणीचा नकाशा घेऊन जा, मोजणी झाली नसेल तर आजच ई-मोजणीला पैसे भरा कारण तारीख मिळायला वेळ लागतो. मोजणीला लागूनच्या सगळ्या प्लॉटधारकांना नोटीस जाईल एवढं बघा, नाहीतर नंतर तेच म्हणतील आमच्या माघारी केली. मंडळ अधिकाऱ्यांनी तुमच्याविरुद्ध निर्णय दिला तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील आहे.